काकूंचे अभिप्राय

पाणीवाले काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून घरातल्या कुठल्याही कामात तुला एकटं सोडणार नाही."

काकूंनी हे पंधरा दिवस सोसलं. तेवढ्यात काकांनी सगळे डबे उंचीप्रमाणे लावले, केर काढण्याचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं आणि काकू भाजी चिरत असताना शेजारी उभं राहून फोडी सारख्या येत नाहीत हे तीनदा दाखवून दिलं. सोळाव्या दिवशी काकू म्हणाल्या, "अहो, माझे गुडघे फार दुखतात हल्ली. दर शनिवारी वाचनालयातून मला एक कादंबरी आणून द्याल? प्रेमाची असली तर बरं."

"एवढंच ना? हा गेलो आणि हा आलो," काका म्हणाले. हयातभर पाणीखात्यात टाक्या तपासलेल्या माणसाला एक पुस्तक आणणं म्हणजे काय मोठंसं!

वाचनालयाच्या वाटेत दोन चढ होते. जाऊन-येऊन दीड तास लागला, आणि काकांना कळलं की गुडघे आपल्यालाही आहेत.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी पहिलं पुस्तक परत दिलं आणि नव्यासाठी हात पुढे केला. ग्रंथपालबाईंनी त्या हातात एक गुलाबी कार्ड ठेवलं.

"हे काय?"

"अभिप्राय. लोक पुस्तकं नेतात आणि न वाचता परत आणतात, म्हणून नियम केलाय. सभासदाने पाच ओळी लिहायच्या, मगच नवं पुस्तक. सभासद काकू आहेत, तेव्हा काकूंचा अभिप्राय आणा."

म्हणजे पुन्हा दोन चढ. काका घाम पुसत उभे राहिले. काकू त्यांच्याबद्दल चारचौघांत एकच चांगली गोष्ट सांगत असत: "माणूस कंटाळवाणा आहे, पण खोटं बोलत नाही." चौतीस वर्षांच्या संसारात बायकोकडून मिळालेलं हे एकुलतं एक प्रशस्तिपत्र. काका ते जिवापाड जपत. पण त्या दिवशी ऊन होतं, चढ होते आणि पेन समोरच बांधलेलं होतं. काकांनी काकूंच्या नावाने लिहिलं: "कादंबरी चांगली आहे. पानं पूर्ण आहेत. बांधणी भक्कम. कुठेही गळती नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "यात भावनिक खोलीबद्दल काहीच नाही."

काका खोली मीटरमध्ये मांडणारे. त्यांनी विचारलं, "अंदाजे किती लिहू?"

"काकूंनाच विचारा," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पुस्तक दिलं, पण पुढच्या वेळी चालणार नाही असं बजावून.

काकूंना विचारायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. तेव्हा काकांनी दुसरा मार्ग काढला. दुसऱ्या चढाच्या माथ्यावर एक बाक होता. पुस्तक परत करायला जाताना काका तिथे बसून ते वाचायला लागले. काकू पुस्तक इतकं जपून हाताळत की एकाही पानाला सुरकुती नसे, त्यामुळे वाचायला सोपं जाई. दीड तासाचे तीन तास झाले. उशीर का झाला, हे काकूंनी एकदाही विचारलं नाही. काकांना तो त्यांचा मोठेपणा वाटला.

कादंबऱ्यांनी मात्र काकांना थकवलं. प्रत्येकीत एक नायक होता, तो देखणा होता आणि त्याला आतून काहीतरी सलत होतं. नायिका त्याच्याकडे बघून विरघळत होती. मग गैरसमज व्हायचा. एका वाक्यात मिटेल असा तो गैरसमज दोघं मिळून एकशे ऐंशी पानं पुरवायचे. काका बाकावर बसून उसासे टाकत आणि मग वाचनालयात जाऊन लिहीत:

"नायक सहा प्रकरणं खिडकीबाहेर बघतो. त्याला मोठी नोकरी आहे म्हणे, पण तो कामावर जाताना दिसला नाही."

"नायिका एका नजरेत प्रेमात पडते. आमचं तसं झालं नाही. पहिल्या भेटीत हे आमच्या घरी आले आणि गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलून गेले. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस टिकेल."

"नायकाने तिच्यासाठी विमान अडवलं. माझे यजमान माझ्यासाठी दर शनिवारी दोन चढ चढतात. त्यांचेही गुडघे दुखतात, पण ते बोलत नाहीत. भावनिक खोली ती हीच."

बाईंनी हे वाचून चष्मा पुसला आणि कार्ड फलकावर लावलं. मग पुढचंही लावलं. वाचनालयातल्या बायका आधी काकूंचं मत वाचायच्या आणि मगच पुस्तक न्यायच्या. काकांना दरवाजात वाट मिळू लागली. "हेच ते यजमान," कुणीतरी कुजबुजायचं. काकांना अवघडल्यासारखं होई, आणि पुढच्या कार्डात यजमान आणखी थोडे सुधारत.

सात महिन्यांनी बाई म्हणाल्या, "या वर्षीच्या उत्तम वाचक म्हणून आम्ही काकूंची निवड केली आहे. पुढच्या शनिवारी त्यांनी दहा मिनिटं बोलायचं. विषय, आजच्या प्रेमकादंबऱ्या आणि भावनिक खोली."

"तिला ताप आहे," काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी ताप उतरला नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारी तो वाढला. त्यासरशी बाई उठल्या, दोन वाचक बायका उठल्या, फुलं आली, फळांची पिशवी आली. "चला, तुमच्याबरोबरच येतो काकूंना बघायला."

काका आयुष्यात इतके सावकाश कधी चालले नव्हते. बाकावर ते बसलेसुद्धा. पण रस्ता शेवटी घरीच जात होता.

दार उघडंच होतं. आत रेडिओ मोठ्याने लागला होता. काकू पदर खोचून एका उंच स्टुलावर उभ्या होत्या आणि गात गात पंखा पुसत होत्या.

"काकू, तापात पंखा?" बाई म्हणाल्या.

काकूंनी फुलं पाहिली, फळं पाहिली, मग काकांकडे पाहिलं. काका फरशी तपासत होते.

"तुमचे अभिप्राय म्हणजे आमच्या वाचनालयाची शान आहे," असं म्हणून बाईंनी पर्समधून गुलाबी कार्डांचा गठ्ठा काढला आणि वाचायला सुरुवात केली. खिडकीबाहेर बघणारा नायक झाला. वॉशर झाला. दोन चढ झाले. काकू स्टुलावरून ऐकत होत्या, हातातल्या फडक्याचं पाणी खाली टपकत होतं. काकांना वाटलं, चौतीस वर्षांचं प्रशस्तिपत्र आता या तिघींसमोर फाटणार.

"हे सगळं तुम्हीच लिहिलंत ना?" बाईंनी विचारलं.

काकूंनी फडकं पिळलं.

"मीच की. पण बोलायचं म्हटलं की मला भीती वाटते. भाषण हेच करतील, त्यांना सगळं पाठ आहे."

बायका समाधानाने गेल्या. दार लागलं. काकांनी रेडिओ बारीक केला.

"मी खोटं लिहिलं," काका म्हणाले. "सात महिने. मला फार वाईट वाटतंय." मग त्यांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. "तुझे गुडघे?"

"ठणठणीत आहेत."

"आणि कादंबऱ्या?"

"एकही उघडली नाही. मला प्रेमबिम वाचायला मुळीच आवडत नाही. मला शनिवारचे ते दीड तास आवडतात. त्याचे तीन झाले तेव्हा मी देवाचे आभार मानले."

काकांना हे लागलं. ते खुर्चीत बसले. सात महिने ते चढ चढत होते ते कुणाला तरी आपण घरात नको होतो म्हणून.

काकू स्टुलावरूनच म्हणाल्या, "ते वॉशरचं तुमच्या लक्षात होतं?"

"हो तर. पहिली भेट होती."

"तो नळ त्याच संध्याकाळी जोरात गळायला लागला. बाबांनी प्लंबर बोलावला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी सगळ्यांना शपथ घातली. आजपर्यंत माहेरी कुणी ब्र काढलेला नाही."

इतक्या कादंबऱ्या काकांनी वाचल्या, पण असं प्रकरण एकीतही नव्हतं.

"चौतीस वर्षं?" त्यांनी विचारलं.

"भाषणात घाला हवं तर. आधी हे स्टूल धरा, हलतंय."

काकांनी उठून स्टूल धरलं. वर पाहिलं तर तिसऱ्या पात्याच्या कडेला धुळीची एक रेघ राहिली होती. काकूंना ती दिसली नव्हती. काकांनी ओठ घट्ट मिटले आणि जवळजवळ दीड मिनिट ते काहीही बोलले नाहीत.