प्रस्तावित दौरा आणि सिस्टरचा गुडघा

हिवरा स्टेशन गावातला फुटपाथ मोकळा झाला. स्टेशन रोडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मधे एक अडथळा नाही आणि कडेच्या दगडांना पिवळा-काळा रंग. पण असं काही झालंच नव्हतं, असं आता गावानं ठरवलं आहे. नगरपंचायत तसं म्हणते, भजीवाला तसं म्हणतो, आणि रंगही बराचसा उडाल्यामुळे पुरावा उरलेला नाही. तेव्हा आपणही तसंच धरून चालू आणि फुटपाथ भरलेला होता तिथून सुरुवात करू.

जालन्याहून परतूरकडे निघालं की मधे हिवरा स्टेशन लागतं. लागतं म्हणजे पॅसेंजरला लागतं. बाकीच्या गाड्यांना ते नुसतं दिसतं. इथल्या सरकारी दवाखान्यात कौसल्याबाईंनी नर्स म्हणून उभी नोकरी केली. अर्ध्या गावाला त्यांनी जन्मताना धरलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं आणि थोडं अंतर राखून उभं राहायचं.

तर या सिस्टरच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. न चालाल तर गुडघा आखडेल. त्यांची लेक प्रीती पुण्याला असते. तिनं फोनवर निकालच दिला.

"आई, महिन्याभरात गुडघा नीट वाकला नाही तर मी येऊन तुला घेऊन जाणार. कायमची. आमच्या सोसायटीत वॉकिंग ट्रॅक आहे."

"कुठपर्यंत जातो?"

"कुठपर्यंत म्हणजे? गोल आहे."

"म्हणजे चालून चालून तिथंच यायचं? ते तर मी पलंगावर बसून पण करून राह्यले."

सिस्टरला हिवरा सोडायचं नव्हतं. घरापासून स्टेशनपर्यंत जायचं, फलाटावरच्या बाकावर बसून चहा प्यायचा आणि परत यायचं, एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी फुटपाथही होता. फक्त तो खाली होता. वर इतर गोष्टी होत्या. सुरुवातीला बदरोद्दीनचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान आत होतं, पण दुरुस्ती बाहेर होती. पुढे भजीची भट्टी. त्यापुढे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, ज्यांतले काही वाढदिवस पुन्हा येऊन गेले होते. शेवटी ट्रान्सफॉर्मर. रीतसर परवानगी असलेला तेवढाच.

म्हणून सिस्टर रस्त्यावर उतरून चालायच्या, आणि मागून काळीपिवळी जीप हॉर्न वाजवायची. आपल्याकडे हॉर्नचा अर्थ 'मी कळवलंय, यापुढची जबाबदारी तुमची' असा असतो. एका सकाळी जीपच्या आरशात सिस्टरची पिशवी अडकली आणि सिस्टरच्या आधी स्टेशनला पोचली. सिस्टर तशाच मागे फिरल्या आणि बदरोद्दीनच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या.

"बदरोद्दीन, या गावात माणसाला चालायला जागा न्हाई."

"चालायचं काय घेऊन बसल्या, सिस्टर? सायकल चालवायला जागा न्हाई. गिऱ्हाईकच खतम झालं. हवा भरायला पोरं येतेत, ती पण फुटबॉल घेऊन."

"मंग काहीतरी केलं पाहिजे."

"बिलकुल केलं पाहिजे."

हे बोलणं फुटपाथवर, उलट्या ठेवलेल्या सायकलींच्या मधे उभं राहून चाललं होतं. तिकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

तेवढ्यात मच्छिंद्रनं आपली मोटरसायकल फुटपाथवर चढवून स्टँडला लावली. मच्छिंद्र गावातल्या बहुतेक सगळ्या संघटनांचा सरचिटणीस होता. नाट्यगृह बचाव समितीही त्याचीच. गावात नाट्यगृह नव्हतं, त्यामुळे ते आजपर्यंत सुरक्षित होतं.

सगळं ऐकून तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही एकट्या गेल्या तर ती तक्रार ठरती. संघटना गेली की तीच मागणी ठरती. संघटना काढू."

"काढ. पण काम झालं पाहिजे. मला पुण्याला जायचं न्हाई."

"कामाचं नंतर बघू. आधी पदं."

अशा रीतीनं सायकलस्वार व पादचारी हक्क संघटना स्थापन झाली. पहिल्याच बैठकीत मच्छिंद्रनं पदं वाटली, कारण पद दिल्याशिवाय माणूस येत नाही असा त्याचा अनुभव होता. पद दिल्यावर माणसाला यायची गरज उरत नाही, हा त्याच अनुभवाचा उत्तरार्ध त्यानं सांगितला नाही. बदरोद्दीन अध्यक्ष झाला, मच्छिंद्र सरचिटणीस, आणि बाकीचे आले तसे उपाध्यक्ष.

"आणि सदस्य कोण?" सिस्टरनी विचारलं.

"आजकाल सदस्य मिळत न्हाईत, सिस्टर."

"मंग मी होते सदस्य."

"तुम्ही कशा? तुम्ही संस्थापक मार्गदर्शक."

"मार्गदर्शकानं काय करायचं?"

"फोटोत मधे बसायचं."

फोटो निघाले आणि फ्लेक्स छापला गेला. सगळ्या उपाध्यक्षांचे चेहरे सारख्या आकाराचे हवेत, या एकमतानं झालेल्या एकमेव ठरावामुळे फ्लेक्स फार लांब झाला. तो मावेल अशी जागा गावात एकच होती. भट्टी आणि जुन्या फ्लेक्सच्या मधे जिथून सिस्टर अंग चोरून कशाबशा निघायच्या, ती फट 'पादचाऱ्यांनो, जागे व्हा!' या फ्लेक्सनं बंद झाली.

"अरे मच्छिंद्र, इथून मी जात होते!"

"सिस्टर, आता तुम्ही जायची गरजच न्हाई. सगळं गाव येऊन तुमचा फोटो बघून राह्यलंय."

मग जनजागृती फेरी निघाली. ती मोटरसायकलींवर निघाली. सायकलवर निघालो तर लोकांना वाटेल पेट्रोल परवडेना, असं उपाध्यक्षांचं म्हणणं पडलं. पण विषय सायकलचा होता, म्हणून बदरोद्दीनच्या दुकानातल्या सायकली धुऊन, हार घालून, टेम्पोत उभ्या केल्या. त्या टेम्पोच्या पुढे उघड्या जीपमध्ये सिस्टरना बसवलं.

"मच्छिंद्र, मला उतरव. मला डॉक्टरनं चालायला सांगितलंय. फेरी चालण्यासाठीच हाय ना?"

"सिस्टर, मुख्य माणूसच चालत गेला तर मागच्यांनी काय रांगायचं का?"

फेरी झकास झाली. स्टेशन रोडवर वाहनांची एवढी गर्दी गावानं पूर्वी पाहिली नव्हती. सिस्टर दिवसभर बसून होत्या, आणि संध्याकाळी गुडघा सकाळपेक्षा कमी वाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पुढाकार घेतला आणि अध्यक्ष-सरचिटणीसांना घेऊन त्या मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या. मुख्याधिकारी बाहेरगावचे होते. सिस्टरचं इंजेक्शन त्यांनी कधी घेतलं नव्हतं, त्यामुळे ते निर्भयपणे बोलले.

"मॅडम, आमच्या नकाशावर फुटपाथ मोकळाच आहे."

"साहेब, एकदा खिडकीतून बघता का?"

"खिडकीतून बघून कामं करायची तर नकाशा कशाला काढायचा?" साहेबांनी शांतपणे विचारलं. मग त्यांना थोडी दया आली. "हे बघा, अतिक्रमण काढायचं तर बंदोबस्त लागतो. बंदोबस्त असा मागून मिळत नाही. कुणी मोठं माणूस येणार असेल तर मिळतो."

जिन्यातच मच्छिंद्रनं मोबाइल काढला. कुणाच्या तरी मेहुण्याकडून नंबर मिळवून त्यानं थेट मंत्र्यांच्या स्वीय सहायकांना फोन लावला, संघटनेच्या कार्यालयाचं उद्घाटन आहे असं सांगितलं, आणि खाली उतरेपर्यंत फोन संपवला.

"काय म्हणले?" बदरोद्दीननं विचारलं.

"बघू, म्हणले."

"म्हणजे येत न्हाईत."

"म्हणजे येतेत! यायचं नसतं तर 'नक्की येतो' म्हणले असते."

"आणि कार्यालय कुठं हाय आपलं?"

"ते बघू," मच्छिंद्र म्हणाला.

संध्याकाळी मंत्रिमहोदयांच्या हार्दिक स्वागताचा फ्लेक्स लागला. पुढचं सगळं नियमानुसार घडलं. फ्लेक्स वाचून नगरपंचायतीनं पोलिसांना विचारलं. पोलीस म्हणाले, फ्लेक्स लागलाय म्हणजे असेल. आणि त्यांनी बंदोबस्त मागवला. बंदोबस्त मागवल्याचं ऐकून तहसील हललं आणि त्यांनी वर कळवलं, तयारी सुरू आहे. वरून ते मंत्र्यांच्या कार्यालयात गेलं. तयारी सुरू आहे म्हणजे आपणच कधीतरी होकार दिला असणार, असं समजून तिथल्या स्वीय सहायकांनी हिवरा स्टेशन कार्यक्रमात घेतलं आणि पुढे 'प्रस्तावित' असं लिहिलं. दौरा अशा प्रकारे खरा झाला, आणि सगळ्यात जास्त धक्का मच्छिंद्रला बसला.

फुटपाथ मोकळा करायला पथक आलं. बदरोद्दीनचं दुकान पहिलं लागत होतं, म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

"ओ साहेब, हात नका लावू! मी अध्यक्ष हाय!"

"कशाचे?"

"फुटपाथ मोकळा करा म्हणणाऱ्या संघटनेचा!"

"मग बरोबर आहे," पथकप्रमुख म्हणाले. "शुभारंभ अध्यक्षांपासूनच होतो." आणि फेरीत वापरलेल्या त्याच टेम्पोत त्याच सायकली चढल्या. या वेळी हार नव्हते. पाठोपाठ भट्टी गेली, फ्लेक्स गेले, संघटनेचा लांब फ्लेक्स घडी करकरून गेला. ट्रान्सफॉर्मरला हलवता येईना म्हणून त्याच्या चौथऱ्याला रंग दिला आणि बाजूनं वाट केली.

दौऱ्याच्या दिवशी सकाळी सिस्टर घराबाहेर पडल्या आणि थांबल्या. समोर फुटपाथ होता. त्याला फरश्या होत्या. गुलाबी. मधे मधे फुलांची नक्षी. इतकी वर्षं त्या गावात राहून त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी चपलेनं एका फुलावरची धूळ बाजूला केली आणि पुढचं पाऊल टाकलं. कुणी हॉर्न वाजवला नाही. चौकात शिपायानं शिट्टी मारून काळीपिवळी जीप अडवली आणि सिस्टरना म्हणाला, "या, या. सावकाश."

नेमकी त्याच सकाळच्या गाडीनं प्रीती आली. महिना संपला होता, आणि आईचं सामान भरायला तिनं रिकामी बॅग आणली होती. स्टेशनाबाहेर येऊन बघते तर आई समोरून ताठ चालत येतेय, डावीकडे पिवळे-काळे दगड, उजवीकडे खडा पोलीस.

"आई! हे काय? हे कधी झालं?"

"होतंच की. तू बघितलं नव्हतंस."

"आमच्याकडे पण असा फुटपाथ नाही गं!"

"न्हाई, तुमच्याकडं गोल असतो," सिस्टर म्हणाल्या, आणि फलाटावरच्या बाकावर बसताना त्यांनी गुडघा मुद्दाम सावकाश वाकवून दाखवला.

प्रीतीचं मत बदललं. दिवाळीला परत येऊन बघेन, तोवर असंच रोज चालत राहा, थांबलीस तर मात्र बॅग भरीन, असं बजावून ती संध्याकाळच्या पॅसेंजरनं निघाली. ती फलाटावर गाडीची वाट बघत होती तेव्हा निरोप आला की मंत्री जाफराबादलाच थांबले, दौरा रद्द. निरोपापाठोपाठ टेम्पो उलट्या दिशेनं रिकामे होऊ लागले. गाडी सुटेपर्यंत भट्टी पेटलीसुद्धा. प्रीतीनं खिडकीतून भजी घेतली आणि आईला फोन करून सांगितलं, फार छान आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं सिस्टरच्या पाठीमागे येऊन नेहमीसारखं कळवलं.

संघटनेची तातडीची बैठक बदरोद्दीनच्या दुकानासमोर भरली. आपल्यापासून सुरुवात व्हावी म्हणून बदरोद्दीननं सगळ्या सायकली मनापासून आत घेतल्या होत्या. त्यामुळे आत त्याला जागा उरली नव्हती आणि तो स्टूल टाकून फुटपाथवर बसला होता.

"बदरोद्दीन, पाय घे."

"घेतला, सिस्टर. या."

सिस्टर त्याला ओलांडून आल्या. पुढे लगेच भट्टी होती, म्हणून त्या तिथंच थांबल्या.

"मच्छिंद्र, एक सांग. फुटपाथ कशानं मोकळा झाला?"

"मंत्र्यानं."

"मंत्री आल्ता का?"

"न्हाई."

"मंग?"

मग बदरोद्दीन हळूच म्हणाला, "म्हणजे मंत्री लागतच न्हाई. नुस्ता दौरा लागतो."

"मंग तसं लिही," सिस्टर म्हणाल्या. "जल्दी लिही. दिवाळी लांब न्हाई."

मच्छिंद्रला सरकारी मराठी झोपेतही यायची. त्यानं लिहिलेला मजकूर सर्वानुमते मंजूर होऊन त्याच दिवशी मंत्र्यांच्या कार्यालयाकडे रवाना झाला:

"सबब, मा. मंत्रिमहोदयांचा हिवरा स्टेशन येथील दौरा दररोज सकाळी सहा वाजता प्रस्तावित करण्यात यावा व तो दररोज सकाळी आठ वाजता रद्द करण्यात यावा. ही व्यवस्था कायमस्वरूपी असावी. मा. मंत्रिमहोदयांनी कोणत्याही परिस्थितीत प्रत्यक्ष येण्याची तसदी घेऊ नये; आल्यास सत्काराचे स्टेज टाकण्यास फुटपाथखेरीज अन्य जागा उपलब्ध नाही, याची कृपया नोंद घेऊन उचित आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."