पडायचा पगार

मद्रासमधल्या आमच्या तिरुवल्लिक्केणीच्या घरात ‘पड’ या शब्दाला बंदी होती. कुणी ‘दुधात माशी पडली’ म्हटलं, की मागच्या खोलीतला भाडेकरू ज्ञानू पैलवान धाडकन जमिनीवर. एकदा माझ्या लोणच्याच्या बरणीसकट पडला. बरणी फुटली, त्याला काही झालं नाही.

ज्ञानू कोल्हापूरचा. तेव्हा मद्रासेत तिकीट लावून कुस्त्या व्हायच्या. त्यात हरायचा त्याला पगार होता. वेळ झाली की कंत्राटदार कडेला उभा राहून ‘पडु’ म्हणायचा. तमिळमध्ये त्याचा अर्थ आडवा हो. ज्ञानूला तमिळ एवढंच आलं, कारण ते मराठीसारखंच होतं.

“लाज नाही वाटत?” मी विचारलं.

“आक्का, उभं राहून बघितलं की. उपाशी राहिलो. पडल्यावर दोन वक्ताला मिळतंय.”

सराव मात्र रोज. पाठीवर, कुशीवर, तोंडावर. माझ्या भिंतीचा गिलावा उडाला.

मग एक दिवस कंत्राटदार घरी आला. नेहमी जिंकणारा पंजाबी पैलवान मद्रास सोडणार होता, नवा जिंकणारा हवा होता. मी ज्ञानूला मराठीत सांगितलं, “शनिवारी तू जिंकायचंस. जिंकलास तर काम कायमचं.”

ज्ञानूने लगेच गावी बायकोला बोलावणं धाडलं. पत्र मी लिहिलं; मी चौथी शिकलेली, तो तेवढाही नाही. संध्याकाळी तो दुसरी चटई घेऊन आला.

शनिवारी मीही गेले. ज्ञानूने पंजाब्याला खांद्यावर उचललं. कंत्राटदाराला राहवेना. तो ओरडला, “पोडु!” म्हणजे आपट त्याला.

ज्ञानूने ‘पडु’ ऐकलं. पंजाब्याला अलगद खाली ठेवलं आणि स्वतः आडवा झाला. पंजाब्याने त्या दिवशी पडायचे पैसे घेतले होते. तोही घाईघाईने शेजारी झोपला. पंच नुसता बघत राहिला. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले आणि ज्ञानूचं काम तिथेच गेलं.

“ठरलेलं विसरलास?”

“नाही आक्का. पण त्याचा आवाज आला की पोट आधी ऐकतंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझ्याकडून बायकोला पत्र लिहून घेतलं, ‘इतक्यात येऊ नको.’ मग दारातच उभा राहिला.

“आता जरा पड,” माझ्या तोंडून गेलं. मी नवी बरणी धरली.

तो पडला नाही. आत गेला, दोन्ही चटया शेजारी शेजारी अंथरल्या आणि एकीवर भिंतीकडे अंग चोरून निजला. दुसरी मोकळी ठेवली.