पश्चिमेच्या भिंतीचं प्रेझेंटेशन

माणसाला भाषा मिळाली ती एकमेकांशी बोलायला, आणि इंग्रजी मिळाली ती वरिष्ठांशी बोलायला. भिवंडीला हा फरक जरा उशिरा कळला. लूमच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू येत नसल्याने कोणत्या भाषेत बोलावं हा प्रश्नच तिथे पडला नव्हता. मग शेजारच्या पूर्णा गावात गोदामं आली, गोदामांमागून मीटिंगा आल्या आणि मीटिंगांमागून पडघ्याच्या नाक्यावर, टायरच्या दुकानाच्या माळ्यावर, उन्नती मॅडमचा क्लास आला. विषय दोन : प्रेझेंटेशनचं इंग्रजी आणि बातम्यांचं इंग्रजी.

देवेश या क्लासला जाऊ लागला तो भिंतीमुळे. त्याचे वडील केसरीनाथ यांनी भाताची जमीन एका गोदामाला भाड्याने दिली होती. त्या बदल्यात देवेश तिथे सुपरवायझर झाला होता (या पदाला पात्रता लागते, त्याची दीड एकर होती). गोदामाच्या पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं होतं. आतून खोक्यांची थप्पी तिला रेटत होती आणि बाहेर तिच्याच सावलीत ठकुबाई आणि पॅकिंगच्या बाया दुपारची भाकरी खात. देवेश मॅनेजरला म्हणाला, "साहेब, भिंत पडेल."

"अच्छा पॉइंट है," मॅनेजर म्हणाले. "प्रेझेंटेशन में डालो. हेड ऑफिसवाले आ रहे हैं."

उन्नती मॅडमची पद्धत शास्त्रीय होती. "'पडेल' हे क्रियापद आहे," त्या म्हणाल्या. "क्रियापद आलं की कुणाला तरी काहीतरी करावं लागतं. वरिष्ठांना असं अडचणीत आणायचं नसतं. नामं वापरा." दोन आठवड्यांच्या मेहनतीने 'भिंत पडेल' या गावठी वाक्याचं 'वेस्टर्न साइडला मूव्हमेंटचं स्ट्राँग पोटेन्शियल' झालं.

बातम्यांचा तास अधिक अवघड होता. टीव्हीवर आठ चौकटींत आठ माणसं एकदम ओरडत. मॅडम विचारत, "काय झालं?" देवेश म्हणे, "भांडण झालं." उत्तर चूक. चर्चा झाली होती.

प्रेझेंटेशन मात्र उत्तम झालं. देवेशने मूव्हमेंट म्हटलं, पोटेन्शियल म्हटलं, मधे दोनदा 'गोइंग फॉरवर्ड'ही म्हटलं. हेड ऑफिसचे साहेब भारावून म्हणाले, असं पोटेन्शियल बाकीच्या तीन भिंतींतही दिसलं पाहिजे. टाळ्या पडल्या. देवेशला अभिमान वाटला, आणि लगेच बाहेर भाकरीची वेळ झाल्याचं आठवलं. तो तसाच उठून बाहेर आला.

भिंतीच्या सावलीत बायांनी डबे उघडले होते. वरून गिलाव्याचा एक पोपडा सुटला आणि ठकुबाईच्या भाकरीवर पडला. देवेशने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "काइंडली..."

"काय रं, काय पायजे?" ठकुबाईने विचारलं.

"उठा गो! भित पडतेय! पला!"

बाया उठल्या, डबे टाकून पळाल्या. ठकुबाईला त्याने दंडाला धरून ओढलं. मागे भिंत सगळीच्या सगळी बसली. धूळ खाली आली तेव्हा बाया पलीकडच्या ट्रकांजवळ खोकत उभ्या होत्या. एकही कमी नव्हती. देवेश मातीत बसून रडायला लागला.

"रडतस कनाला?" ठकुबाई म्हणाली. "मेलो का आमी?"

"मला म्हाईत होतं, ठकुबाई. आताच आत सांगून आलो."

"मंग? काय बोलले ते?"

"टाळ्या वाजवल्या."

ठकुबाईने पदराने त्याच्या तोंडावरची धूळ पुसली.

संध्याकाळी इंग्रजी चॅनेलवर भिवंडी आली. केसरीनाथांनी आवाज वाढवला. कंपनीचं निवेदन वाचलं जात होतं आणि देवेशला आयुष्यात पहिल्यांदाच इंग्रजी बातमी न अडखळता कळली.

"काय बोलते रं ती बाई?"

"पश्चिमेची बाजू वाऱ्यासाठी मोकळी केली, असं बोलते."

केसरीनाथांनी टीव्ही बंद केला. "क्लास बंद कर," ते म्हणाले.

कंपनीने देवेशचं लेखी कौतुक केलं. त्याच पत्रात, आणीबाणीच्या वेळी त्याने अनौपचारिक भाषा वापरली याची नोंद घेऊन त्याला पुढच्या पातळीच्या इंग्रजीसाठी पाठवण्याचं ठरलं. तो गेला नाही. पुढच्या मीटिंगला त्याने पडद्यावर मराठीत एकच ओळ लावली : 'उत्तरेची भिंतही पडेल.' सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मॅनेजर एवढंच म्हणाले, "देवेश, थोडा प्रोफेशनल रहो." पण त्याच दिवशी उत्तरेकडची खोकी हलवली गेली. देवेशची बदली गेटवर झाली. तिथे तो ट्रकवाल्यांशी हिंदीत बोलतो आणि ट्रक वेळेवर सुटतात.

सुजाण वाचकहो, ही हकीकत इंग्रजीत असती तर आपण ती दोनदा वाचली असती, न कळल्याचा दोष स्वतःकडे घेतला असता आणि चार जणांना पाठवली असती. मराठीत असल्यामुळे ती एका दमात कळली. म्हणजे तिच्यात विशेष काही नसणार, हे आपल्या एव्हाना लक्षात आलंच असेल.