सोनी काय म्हणाली

सिनेमाला जाताना माणसं फार तर रुमाल नेतात. इनास मास्तर पेन्सिल, बॅटरी आणि पुस्तक नेतो. पुस्तक मांडीवर उघडतो, त्यावर बॅटरी मारतो आणि पडद्यावर जे चाललंय ते पुस्तकात आहे की नाही ते तपासतो. नसलं की समासात फुली. मागच्या महिन्यात एका सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासात त्याने एकोणीस फुल्या मारल्या. विसाव्या फुलीला पुढच्या रांगेतल्या बाई वळून म्हणाल्या, "काका, लाइट बंद करा ना. पिक्चर दिसत नाही."

"तुमचं काही हुकत नाहीये," मास्तर म्हणाला. "पुस्तकात असं नाहीच."

हे त्याचं पालुपद. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी गायनमंडळाने एखादं कडवं गाळलं, तर हा दुसऱ्या बाकावरून ते एकटा उभा राहून म्हणतो. माझ्या सुनेने एकदा त्याला भुजिंग, म्हणजे पोह्यांतलं भाजकं चिकन, पाठवलं, तर ताट परत आलं त्यात चिठ्ठी: "मसाला छान. पण पाकपुस्तकात पोहे आधी भाजायला सांगितलेत." तीस-पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आणि आता वसईजवळ वटारला आपल्या वाडीतल्या घरात एकटा राहतो. त्याच्या कुंपणाला लागून माझं कुंपण. मी उमेळ्याला दिलेली. तिथे वाडी जाऊन बिल्डिंग आली, नवरा गेला, आणि मुलाने माझ्या भावाकडून माहेरच्या जमिनीचाच तुकडा घेऊन घर बांधलं. त्यामुळे म्हातारपणी मी पुन्हा माहेरवाशीण झाले आहे. इनास आणि मी एका वर्गातले. सगळा गाव त्याला मास्तर म्हणतो, मी इनास म्हणते, कारण त्याला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी त्याला ओळखते.

सिनेमा होता तो 'बावखलाखालचं गाव' या पुस्तकावरचा. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं. त्यावर पूर्वी रहाट असायचा. पुस्तकातली सोनी नावाची मुलगी पाण्यात पडलेली घागर आणायला रहाटाच्या पोहऱ्याला धरून खाली जाते, तर खाली अख्खं गाव. बेडकांचा ब्रास बँड, मुऱ्या माशांची शाळा आणि गावाचा पाटील एक म्हातारं कासव. लहानपणी आमच्या वाचनालयात त्याची एकच प्रत होती. वाचनालय बंद झालं तेव्हा ती इनासने घरी आणली. त्याला ती तोंडपाठ आहे. फक्त एक पान सोडून.

शेहेचाळिसावं पान असं संपतं: "सोनी पोहऱ्यावर चढली, मागे वळली आणि कासवाला म्हणाली," आणि मग स्वल्पविराम. त्यापुढचं पान फाटलेलं. एकोणपन्नासावं पान सुरू होतं ते असं: "तेव्हापासून कासव पायरीवर बसून आहे."

सोनी काय म्हणाली? हा प्रश्न इनासने साठ वर्षं पोटात बाळगला. लेखक गेलेले, प्रकाशन बंद पडलेलं. मुंबईच्या एका ग्रंथालयात पुस्तक नव्हतं. दुसऱ्यात होतं, पण त्यातलं नेमकं तेच पान आणि पुढची चाळीस वाळवीने खाल्ली होती. म्हणून सिनेमा येणार हे कळलं तेव्हा इनास लहान मुलासारखा कुंपणाशी धावत आला. "मेरी, सिनेमावाल्यांकडे पूर्ण प्रत असणार. सत्तेचाळिसावं पान कळणार."

मी म्हटलं, "बरं झालं." आणि घरात जाऊन पाणी प्यायले.

कारण ते पान मी फाडलं होतं.

तेव्हाच्या मेरीची ओळख करून द्यायला हवी. वय वर्षं नऊ, वेण्या दोन, अक्कल शून्य. फेस्त, म्हणजे आमच्या चर्चचा सण, तोंडावर आलेला, मला नवा झगा शिवायचा होता. सत्तेचाळिसाव्या पानावर सोनीच्या झग्याचं चित्र होतं. शिंप्याला तोंडी सांगून कळेना, म्हणून मी पानच नेऊन दिलं. चित्राखाली चार ओळी होत्या आणि मागे भरगच्च मजकूर. त्यातला एक शब्दही मी वाचला नाही. आजवर माझ्या हातून पुष्कळ पापं झाली, पण वाचून फाडलं असतं तर निदान उपयोग तरी झाला असता. शिंप्याने चित्र मापाच्या वहीत ठेवलं आणि पुढे त्याच्या बायकोने त्यात सुकट बांधली, असं ऐकलं. झगा मात्र असा झाला की तो घालून मी फेस्तभर मोरासारखी हिंडले. हातातला बर्फाचा गोळा आड येत होता, म्हणून तो शेजारी उभ्या इनासच्या हातात दिला, "धर, आलेच" म्हणाले आणि मैत्रिणींना झगा दाखवायला गेले ती गेलेच. माझे यजमान म्हणायचे, मेरीचं 'आलेच' म्हणजे पाऊण तास. त्यांना फेस्ताचं ठाऊक नव्हतं.

तर सिनेमा. वसई रोडला मॉलमध्ये गेलो, मी, इनास आणि माझी नात रिया. बावखलाच्या जागी बर्फाळ डोंगरातला निळा तलाव. रहाटाच्या जागी भोवरा. बेडकांच्या बँडचे रोबो केलेले. सोनीच्या हातात तलवार. आणि कासवाचा ड्रॅगन. ड्रॅगन आला तेव्हा इनासने फुली मारायला पेन्सिल टेकवली आणि टोक मोडलं. त्याने खिशातून दुसरी काढली.

मग निरोपाचा प्रसंग आला. इनासने बॅटरी विझवली, पुस्तक मिटलं आणि कानामागे हात धरला. माझेही कान टवकारलेले. सोनी वळली. वारा आला, केस उडाले, डोळ्यांतून एक थेंब गालावर आला, व्हायोलिनं वाजली. आणि ती काही बोललीच नाही. भोवऱ्यात उडी मारून गेली.

बाहेर आल्यावर रिया म्हणाली, "मास्तर, व्हीएफएक्स तरी भारी होते की नाही?"

"पोरी," इनास म्हणाला, "स्वल्पविरामानंतर कुणी गप्प बसतं का?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुन्हा गेला, कारण आपल्याला ऐकू आलं नसेल अशी त्याला शंका होती. तिसऱ्यांदा हिंदीतला बघायला गेला. मराठीत नाही पण हिंदीत बोलली असेल, असं त्याचं म्हणणं. तिथेही थेंबच. मग त्याने सिनेमावाल्यांना चार पानी पत्र लिहिलं, मुद्दे क्रमांक घालून. उत्तरादाखल एक टोपी आली. टोपीवर ड्रॅगन. ती घालून तो आता केळींना पाणी लावतो, उन्हाला बरी पडते म्हणून.

परवा संध्याकाळी त्याने मला हाक मारली. पायरीवर बसला होता, डोक्यावर ड्रॅगन, मांडीवर पुस्तक. म्हणाला, मुंबईत एका ठिकाणी तेलुगूतला लागलाय, येतेस का? तेलुगूत संवाद जास्त घालतात असं त्याला कुणीसं सांगितलं होतं.

"तुला तेलुगू कळतं?"

"ती बोलली एवढं कळलं तरी पुरे."

हा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून दीड तास गाडीत बसून, न कळणाऱ्या भाषेत ते वाक्य ऐकायला निघाला होता. मला राहवलं नाही. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. झगा, शिंपी, सुकट. सांगताना आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा झाला, याची मला लाज वाटते.

इनास केळींकडे बघत होता. "ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"पंचेचाळिसाव्या पानावर वर्णन आहे. तीन झालरी, उजव्या खांद्यावर कमळ. तुझ्यानंतर पुस्तक माझ्याकडे आलं, तर पान नाही. मग फेस्ताला तू आलीस. तीन झालरी, उजव्या खांद्यावर कमळ."

साठ वर्षं मी याच्यापासून चोरी लपवत होते आणि हा माझ्यापासून लपवत होता की त्याला ती माहीत आहे. मी विचारलं, मग वाचनालय बघणाऱ्या गुरुजींना का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर झगा काढून घेतला असता तुझा."

मी त्याच्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं. शेहेचाळीस आणि एकोणपन्नासच्या मध्ये वहीची सुटी पानं होती, बोटभर जाडीची. दर वर्षी तो वर्गाला विचारायचा, सोनी काय म्हणाली? आणि मुलांची उत्तरं जपून ठेवायचा. "बाय बाय पाटील." "मला शाळा बुडवता येत नाही." "तुमच्याकडे वायफाय नाही." मी हसत हसत एकेक उलटत गेले. सगळ्यांत तळाशी एक पिवळं पडलेलं, चौकटीच्या वहीचं पान होतं. त्यावरचं अक्षर मी ओळखलं. चौथीत माझ्या पाटीवरची गणितं मी त्याच अक्षरावरून उतरवायची.

"सोनी म्हणाली, धर, आलेच."

पानाच्या कोपऱ्यात एक फिकट गुलाबी डाग होता. बर्फाच्या गोळ्याच्या सरबताचा असावा. केळींच्या मुळाशी पाणी चाललेलं ऐकू येत होतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून रियाची हाक आली, "आजी, चहा गाळलाय. येतेस ना?"

मी सवयीने उठले. तोंडातून 'आले' एवढं निघालंसुद्धा. उरलेला 'च' मी गिळला.

"तुम्ही घ्या गं," मी ओरडले, "मी इथंच बसलेय." आणि पुन्हा खाली बसले.

इनासने टोपी सारखी केली.

"पुस्तकात असं नाही," तो म्हणाला, आणि मला जागा व्हावी म्हणून पायरीवर जरा सरकला.