ठकीच्या कळा

ठकीच्या कळा थांबल्या, तेव्हा शिंपीणबाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिलाईयंत्राखाली चिंध्यांच्या गादीवर ठकी कुत्री आडवी आणि तिच्याभोवती बाई, त्यांचे यजमान, आत्या, शिवाय माप द्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं. मधोमध प्राण्यांचे डॉक्टर. पदवी ताजी, बॅग नवी आणि हे त्यांचं पहिलंच बाळंतपण. पिल्लं आलीच नाहीत तर ठकीचं पोट उघडावं लागणार, या विचाराने ते सारखे बॅग उघडून बंद करत होते.

"अगं, जोर लाव!" आत्या ओरडल्या. "मी नव्हता का लावला?"

"आत्या, हात कसा, मनात आलं की उचलता येतो. गर्भाशयाचे स्नायू तसे हुकमाचे ताबेदार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तिथे मज्जातंतूंचे निरोप चालतात. जनावर घाबरलं की निरोप जातो, 'आधी जीव वाचव, बाळंतपण नंतर!' मग स्नायू सैल पडतात, कळा बंद."

"म्हणजे ही घाबरलीय?"

"एवढी गर्दी बघून कोण नाही घाबरणार?"

गिऱ्हाइकं बाहेर गेली. कळ नाही. मोबाइलचा दिवा लावून चित्रण करणारे यजमान गेले. कळ नाही. "मी काय भूत आहे का?" म्हणत आत्याही गेल्या, पण दार किलकिलं करून सूचना देत राहिल्या. शेवटी डॉक्टरांनी कडी लावली आणि तपासायला वाकले. ठकीने शेपूट पोटाशी घेतली आणि थरथरत भिंतीला चिकटली.

"डॉक्टर, राग मानू नका," बाई हळूच म्हणाल्या. "मागे तिला सुई टोचलीत ती तुम्हीच ना?"

"अहो, मी डॉक्टर आहे! मीच बाहेर जाऊ?"

"निरोपाचं तुम्हीच सांगितलंत."

डॉक्टरांनी बॅग उचलली. ठकीकडे एकदा पाहिलं. "काही कमीजास्त वाटलं तर लगेच हाक मारा," असं बजावून ते मुकाट्याने बाहेर आले.

"काय झालं?" सगळ्यांनी त्यांना घेरलं.

"मलाही हाकललं."

मग सगळ्यांनी दाराला कान लावले. आत बराच वेळ शांतता. डॉक्टरांचा हात दाराकडे गेला, आणि तेवढ्यात बारीकसं कुईं ऐकू आलं. पाठोपाठ दुसरं. डॉक्टरांनी आनंदाच्या भरात शेजारच्या गिऱ्हाइकालाच मिठी मारली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. बाईंचा चेहरा फुलला होता. "पाच! सगळी ठणठणीत!"

"डॉक्टरांचा हातगुणच तसा!" आत्या म्हणाल्या.

"हातगुण कसला, आत्या? पायगुण म्हणा," बाई म्हणाल्या. "यांचा पाय बाहेर पडला आणि कळा सुरू झाल्या!"

सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले ते डॉक्टर.