टेक्निशियन पाहिजे

अकराला पाच मिनिटं कमी असताना कॉन्फरन्स हॉलमधला मोठा पडदा एकदाचा उजळला आणि त्यावर छताचा पंखा दिसू लागला.

"हा आपलाच पंखा का?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी माना वर केल्या. "आपलाच," फोरमन म्हणाले. "एक पातं वाकडंय."

"काका, आपल्याला पंख्याची मुलाखत घ्यायची नाहीये."

काका तेव्हा टेबलाखाली होते. त्यांच्या एका हातात वायर होती, दुसऱ्या हातात तीच वायर असावी असं वाटणारी दुसरी वायर होती. "बघतो साहेब," ते खालूनच म्हणाले. गेले तीन महिने ते हेच म्हणत होते.

वास्तविक काका पंपाच्या कारखान्यातले स्टोअरकीपर. चार हजार प्रकारचे सुटे भाग त्यांच्या ताब्यात. दिवे गेले तरी नुसत्या बोटांनी चाचपून ते हव्या त्या मापाचा वॉशर काढून देत. पण तीन महिन्यांपूर्वी कारखान्याचा टेक्निशियन दुसरीकडे गेला, आणि त्याच आठवड्यात काकांच्या हातून एक घोडचूक झाली. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी चिमट्यानं ओढून बाहेर काढला. तोही साहेबांच्या देखत. त्या दिवसापासून कारखान्यातल्या यच्चयावत पडद्यांचे, वायरींचे आणि विसरलेल्या पासवर्डांचे वाली काका झाले. स्टोअरच्या खिडकीपाशी फिटर ताटकळायचे आणि काका कुणाच्या तरी केबिनमध्ये "बंद करून परत चालू करा" म्हणत उभे असायचे.

"तुम्ही त्यांना एकदा तरी नाही म्हणालात का?" बायकोनं विचारलं होतं.

"म्हणालो की."

"कुणाला?"

"तुला सांगतोय ना आत्ता."

अखेर सात वेळा साहेबांच्या मागे लागून काकांनी टेक्निशियनच्या जागेची जाहिरात काढायला लावली. अर्ज दोनच आले. आज दोघांची मुलाखत होती. दोन्ही उमेदवार समोर बोलवा, असं काकांनी सुचवून पाहिलं. पण साहेबांनी नवीन पडदा आणि कॅमेरा बसवून घेतला होता. "टेक्निशियनची मुलाखत ऑनलाइन नको, तर मग कुणाची?" असं म्हणून त्यांनी ती सगळी जबाबदारी काकांवर टाकली. काकांनीही कंबर कसली. हा एवढा एक दिवस निभावला की सुटलो, असा त्यांचा विचार होता.

हॉलमध्ये साहेब, फोरमन आणि कार्मिक विभागाच्या मॅडम असे तिघे होते. आपापल्या लॅपटॉपवरून मीटिंगमध्ये यायचं, असा साहेबांचा हुकूम होता. तिघांनी एकाच वेळी बटण दाबलं.

"हॅलो, ऐकू येतंय का?" साहेब म्हणाले.

येतंय का, येतंय का, का, का, असं तिन्ही लॅपटॉप आणि पडदा म्हणाले. मग कुणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय द्यावा तशी एक किंकाळी उठली आणि चढतच गेली. मॅडमनी कानांवर हात ठेवले. फोरमननी लॅपटॉपवर फाईल ठेवली.

"आवाज बंद करा! सगळ्यांनी आवाज बंद करा!" काका ओरडले. घाईत उठताना त्यांचं डोकं टेबलाला लागलं.

साहेबांना आवाजाचं बटण सापडेना. लाल बटण सापडलं. ते दाबल्यावर लॅपटॉपनं विचारलं, तुम्ही एकटेच बाहेर पडणार की सर्वांसाठी मीटिंग संपवायची? कुठलीही गोष्ट एकट्यापुरती करायची साहेबांना सवय नव्हती. किंकाळी थांबली. मीटिंगही संपली. ठरल्या वेळी, बरोबर अकराच्या ठोक्याला आलेला पहिला उमेदवारही त्यातच गेला.

काकांनी साहेबांच्याच लॅपटॉपवरून दुसरी मीटिंग उघडली, दोन्ही उमेदवारांना नवी लिंक पाठवली आणि पहिल्याला फोन लावला.

"पासवर्डमधलं तिसरं अक्षर एल आहे की आकडा एक?" उमेदवारानं विचारलं.

"उभी रेघ आहे," काका म्हणाले.

दोन्ही करून पाहता पाहता सव्वाअकरा वाजले. उमेदवार पडद्यावर आला. चांगला इस्त्रीचा शर्ट, समोर वही, चेहऱ्यावर उत्साह.

"सर, मला फक्त पंखा दिसतोय."

"आम्हाला तुम्ही दिसताय ना? मग झालं. सांगा, तुमचा अनुभव काय?"

उमेदवारानं पाच मिनिटं पंख्याला आपला अनुभव सांगितला. मधेच काकांचा फोन वाजला. खिडकीवर फिटर आला होता आणि त्याला सील मिळत नव्हतं. "तिसरी रांग, वरून दुसरा खण, डाव्या हाताला हिरवा डबा," काका हळूच म्हणाले. पण माइक त्यांच्याच जवळ होता, त्यामुळे ते हळू कुणालाच वाटलं नाही.

"काही शंका?" मॅडमनी उमेदवाराला विचारलं.

"एकच. सध्या तुमच्याकडे हे सगळं कोण बघतं?"

"आमचे काका. स्टोअर सांभाळून करतात," साहेब कौतुकानं म्हणाले.

उमेदवारानं वही मिटली. "विचार करून कळवतो," असं उमेदवारानं म्हणण्याची पद्धत नाही. तरी तो म्हणाला आणि गेला.

आता सगळी भिस्त दुसऱ्या उमेदवारावर. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले, तरी पडद्यावर कुणी येईना.

"वेळ पाळता येत नाही या लोकांना," साहेब म्हणाले आणि समोरचा रिमोट उचलून दाबू लागले. "आणि काका, हा एसीही चालत नाहीये. सकाळपासून दाबतोय. तेही बघून ठेवा."

एवढ्यात काकांचा फोन वाजला. फोनवर बाई होत्या. आवाज शांत होता.

"मी मुलाखतीसाठी बाहेर थांबलेय. सव्वाअकरापासून. मला आत घेता का?"

"कुठल्या गेटला आहात?"

"गेटला नाही हो. वेटिंग रूममध्ये. तुमच्या साहेबांच्या लॅपटॉपवर वरच्या बाजूला माझं नाव येत असेल."

काकांनी साहेबांकडे पाहिलं. "साहेब, वर कुणाचं नाव येतंय का?"

"येतंय ना मघापासून! मधेमधे कडमडतंय. मी काढून टाकतोय."

"चार वेळा काढलंत," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "पाचव्या वेळी निळं बटण दाबा म्हणावं."

निळं बटण दाबलं गेलं आणि बाई पडद्यावर आल्या. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, पाठीमागे रिकामी भिंत. त्यांनी नमस्कार केला, पंख्याकडे क्षणभर पाहिलं आणि मुलाखत सुरू व्हायच्या आत काम सुरू केलं.

"एकाच खोलीत आहात ना तिघं? दोन लॅपटॉप बंद करा. हळू नाही, पूर्ण बंद. आवाज फक्त पडद्याचा ठेवा. काका, माइक टेबलाच्या मधोमध. छान. आता कॅमेरा... अहो, तो आणखी वर गेला! कुणी काही दाबलं का?"

"मी एसी वाढवतोय," साहेब म्हणाले.

फोरमननी पंख्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, साहेबांच्या हाताकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला.

"सर, तो रिमोट कॅमेऱ्याचा आहे," बाई अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या. "खालचा बाण दाबा. बास. आता दिसताय."

पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी कायमची एक लिंक करवून घेतली. उभी रेघ नसलेला पासवर्ड ठेवला. सर्वांसाठी मीटिंग संपवायचा अधिकार साहेबांकडून अलगद काढून मॅडमकडे दिला. कुठलं बटण कधी दाबायचं ते काकांना एका कागदावर लिहून घ्यायला लावलं. काका लिहीत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते. तीन महिन्यांत प्रथमच कुणीतरी त्यांना प्रश्न न विचारता उत्तर देत होतं.

मॅडमना अचानक मुलाखत आठवली. "तुम्हाला ताणाखाली काम करता येतं का?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "सव्वाअकरापासून तेच करतेय."

"उत्तम! कळवतो तुम्हाला," साहेब म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून दोघांकडे वळले. "काय सुंदर चाललंय हो सगळं आता! चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मग मला सांगा, आता टेक्निशियन ठेवून त्याला काम काय देणार? कागदावर सगळं लिहिलेलं आहे. काका आहेतच. ती जागा रद्द करून टाका."

काकांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"सर," पडद्यावरून आवाज आला, "मी अजून इथेच आहे. तुमचं सगळं बोलणं अगदी स्पष्ट ऐकू येतंय."

"बघा!" साहेब खूष होऊन फोरमनना म्हणाले. "तिकडेसुद्धा स्पष्ट ऐकू येतंय!" आणि तिघंही चहाला गेले. फोरमन तेवढे दारातून एकदा वळून पाहून गेले.

हॉलमध्ये काका राहिले आणि पडद्यावर बाई. माफी मागावी तर ती आपण का मागायची, हे काकांना कळेना.

"वाईट वाटून घेऊ नका," बाईच म्हणाल्या. "मला नोकरी आहे. तुमचा कारखाना घराजवळ पडला असता, म्हणून अर्ज केला होता. आमच्याकडे आणखी वेगळी तऱ्हा. स्टोअरचे गृहस्थ महिन्यापूर्वी निवृत्त झाले, तेव्हापासून ऑफिसात कुणालाच काही सापडत नाही."

काका खुर्चीत सरळ झाले. दार नीट लागलंय का ते त्यांनी पाहिलं, खुर्ची माइकजवळ ओढली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच या हॉलमध्ये स्वतःहून एक प्रश्न विचारला.

"त्यांच्या जागी कुणी घेतलंय का हो?"

"नाही अजून. येताय? मी बोलते आमच्या साहेबांशी. फक्त मुलाखत ऑनलाइन असते."

काकांनी कागद उलटा केला आणि पेन उचललं.

"पत्ता सांगा," ते म्हणाले. "मी चालत येतो."