मिस्त्रींचा ओळंबा

शिवराम मिस्त्री आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा हात धुण्याआधी त्यांनी आमच्या भिंतीला ओळंबा लावला. खिशातून दोरी काढली, तिच्या टोकाचं पितळी वजन खाली सोडलं, ते डोलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले आणि म्हणाले, "अर्धं बोट भायेर हाय." आतून पोळ्या लाटायचा आवाज थांबला. मी म्हटलं, "मिस्त्री, घर भाड्याचं आहे." "भिंतीला काय म्हाईत, ती भाड्याची हाय ते," ते म्हणाले आणि जेवताना त्या भिंतीकडे पाठ करून बसले. भाजी मात्र दोनदा मागून घेतली.

यावरून कुणाला वाटेल की मिस्त्री बहरीनमध्ये गवंडीकाम करतात. करत होते. गेली अकरा वर्षं ते झल्लाकच्या बाजूला एका खासगी नेमबाजी क्लबात रायफलींवर दुर्बिणी आणि उजेडाच्या बॅटऱ्या चढवतात. मी त्याच क्लबात कारकून. कुणाचा व्हिसा कधी संपतो, कुणाची रजा किती उरली, कुणाचं कार्ड रिन्यू करायचंय, हे सगळं माझ्याकडे. बंदुका कुलपात, किल्ली बहरीनी अधिकाऱ्याकडे आणि बाकीच्या कटकटी माझ्या गळ्यात, अशी आमची वाटणी आहे.

गुहागरकडचा हा गवंडी बंदुकीपर्यंत पोचला कसा, ते सांगतो. क्लबाची भिंत बांधायला मिस्त्री परांचीवर चढले होते. खाली एक सभासद नेम चुकतोय म्हणून दुर्बिणीच्या कंपनीला शिव्या घालत होता. मिस्त्री तासभर वरून बघत राहिले. मग सिमेंटच्या हातांनी खाली उतरले, लांब खांबाला ओळंबा टांगला आणि त्या माणसाला खुणेनं सांगितलं, दुर्बिणीतून या दोरीकडे बघ. आतल्या फुलीची उभी रेघ दोरीशी जुळेना. दुर्बीण कड्यांमध्ये कणभर कलती बसली होती. आमचे अरबाब, म्हणजे क्लबाचे मालक, हे बघत होते. ते म्हणाले, "यल्ला, चलो, तू इधर बैठो." मिस्त्री बसले ते आजतागायत बसलेलेच आहेत. ती भिंत दुसऱ्या कुणीतरी पुरी केली, आणि ती त्यांना अजून पसंत नाही.

गिऱ्हाईक आलं की मिस्त्री बंदुकीकडे बघतही नाहीत. गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवतात, डोळे मिटायला लावतात. मग मिटल्या डोळ्यांनी रिकामी रायफल खांद्याला लावायची, गाल आपसूक टेकेल तिथे टेकू द्यायचा आणि डोळे उघडायचे. दुर्बिणीत पुरा गोल दिसला तर ठीक. कडेला काळी कोर दिसली तर दुर्बीण पुढे-मागे सरकवायची, मान नाही. "मान देवानं बसवली, दुर्बीण मी बसवतू," ते म्हणतात. "तवा सरकायचं ते माझ्या वस्तूनं." मग स्क्रू स्पिरिटनं पुसायचे, आट्यांना पकड धरणारं निळं औषध लावायचं, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. शेवटी प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ. स्क्रू हलला की रेघ तुटते, चोरी पकडली जाते. हे नेलपॉलिश ते मनामाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, स्वतः निवडून आणतात. दुकानदार विचारतो, "भाभी आयी क्या?" तर गंभीरपणे म्हणतात, "नहीं, बंदूक के लिए." त्या दुकानदारानं आता विचारायचं सोडलंय.

तरुण पोरं मोबाइलवर फोटो दाखवत येतात. त्यांना सगळ्यात मोठी दुर्बीण हवी असते, सगळ्यात झगझगीत बॅटरी हवी असते, आणि जमलं तर आणखी दोन-चार वस्तू लोंबकळायला हव्या असतात. मिस्त्री फोटो बघतात, पोराकडे बघतात. "ये बंदूक है या शादी का हॉल?" पोरं खूश होतात, शिव्या खायलाच जणू येतात. बंद गॅलरीत दिवे मंद करून नेम मारायचा खेळ असतो, त्यासाठी बॅटरी लागते. तिथे फार उजेड झाला तर समोरचा पांढरा कागदच डोळ्यांवर उलटतो, हे मिस्त्रींनी त्यांना उन्हात चुन्याची भिंत दाखवून शिकवलंय. शेवटी पोरगं निम्म्या वजनाची दुर्बीण आणि साधीशी बॅटरी घेऊन जातं, बटन बरोबर अंगठ्याखाली आलेलं असतं, आणि बाहेर जाऊन मित्रांना सांगतं की हे मीच निवडलं.

मिस्त्रींनी स्वतः आजवर एकही गोळी झाडलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गवंडी देऊळ बांधतो, म्हणून काय गाभाऱ्यात झोपतो?"

नवी दुर्बीण बसवली की ती टार्गेटशी जुळवून घ्यायची असते, त्याला सगळे झिरो करणं म्हणतात. मिस्त्रींनी हा शब्द संसारात आणला. नवीन ड्रायव्हर आला की विचारतात, "झिरो झाला काय?" माझ्या मुलीनं शाळा बदलली, तेव्हाही तेच. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली हे कळल्यावर बायकोसमोर म्हणाले, "मग आता झिरो झाला आसंल." बायको म्हणाली, "अजून बोटभर बाहेर आहे." त्या दिवसापासून दोघांचं फार जमतं.

दुपारी तीनच्या सुमारास क्लबात सगळं निजल्यासारखं होतं. मग मिस्त्री बंदुकीवर अजून न चढलेली एखादी दुर्बीण फडक्यात गुंडाळून मागच्या ओट्यावर येतात. समोर पश्चिमेचा समुद्र. तो कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं हे धुळकट उन्हात कळत नाही. दोन्ही एकाच फिक्या रंगाचे. एखादी होडी असते, ती पाण्यावर आहे की हवेत, तेही सांगता येत नाही. मिस्त्री तासन् तास बघतात आणि हळू आवाजात मला सांगत राहतात. होडीतला माणूस उठला. बसला. पाण्यात हात घातला. "आता डबा उघडतो बगा." मला झोप येते. त्यांचा आवाज लांबून येत राहतो आणि मला काही क्षण वाटतं की आम्ही दोघं बहरीनमध्ये नाही, कुठेच नाही, नुसते कुठल्याशा किनाऱ्यावर आहोत आणि कुणालाही कुठे जायचं नाहीये. मग माझा फोन वाजतो. शुक्रवार असला तर तो महेशचा असतो.

महेश मिस्त्रींचा एकुलता मुलगा, आईबरोबर गावी राहतो. त्याला त्यांनी रत्नागिरीला सिव्हिलच्या डिप्लोमाला घातलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यानं तो सोडला आणि गावच्या नमनाच्या, म्हणजे लोकनाट्याच्या, मंडळात शिरला. नमनात गवळणी पुरुषच होतात, आणि महेश राधा होतो. पोटासाठी घरं रंगवतो. "दिवसा भिंतीला रंग लावतो, रात्री तोंडाला," एवढंच मिस्त्री त्याच्याबद्दल म्हणाले होते. तीन वर्षं बापलेक एकमेकांशी बोललेले नाहीत आणि तीन वर्षं मिस्त्री गावी गेलेले नाहीत. दर वर्षी मी रजेचा फॉर्म भरतो, ते सही करत नाहीत.

म्हणून महेश मला फोन करतो. "काका, बाबा कसे आहेत?" बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर संत्रं सोलत असतात. "सांगा तेला, कामात हाय," ते म्हणतात. मी सांगतो. "काका, त्यांना सांगा, मागची पडवी गळतेय." मी सांगतो. "सांगा तेला, कौल सरकलं आसंल, वरनं तिसऱ्या वळीत बग." असा हा संसार माझ्या फोनच्या बॅटरीवर चाललेला. फोन ठेवला की जरा वेळानं मिस्त्री सोललेलं संत्रं माझ्या हातात देतात आणि म्हणतात, "आवाज बसलाय तेचा. खोकला हाय काय इचारायचं होतं तुम्ही."

गेल्या हिवाळ्यात महेशनं माझ्या फोनवर खेळाचा एक व्हिडिओ पाठवला. मिस्त्रींनी बघितला नाही. मग एका शुक्रवारी तो मला म्हणाला, "काका, मेमध्ये आमच्या अंगणात खेळ आहे. बाबांनी एकदा येऊन बघावं. शिव्या घालायच्या तर समोर घालाव्यात. नाही आले तर मी पुन्हा फोन करणार नाही. मीही किती दिवस भिंतीशी बोलायचं?" मी शब्द न् शब्द सांगितला. मिस्त्री "बरं" म्हणाले. संत्रं त्या दिवशी त्यांनी अर्धंच सोललं. मला त्यांचा राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि रजेच्या फॉर्मवर चहाचा कप ठेवला.

त्याच आठवड्यात अबू जासीम आले. क्लबाचे सगळ्यात जुने सभासद, पंचाहत्तरीचे. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि मान डावीकडे कलली ती कललीच. त्यांना क्लबाच्या सामन्यात एकदा, बहुधा शेवटचं, उतरायचं होतं. मिस्त्रींनी खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले. म्हाताऱ्यानं रायफल खांद्याला लावली तीच तिरकी. मानेबरोबर बंदूकही कलायची.

"अरबाब, सीधा पकडो," मिस्त्री म्हणाले; सभासदांनाही ते अरबाबच म्हणतात. पकडता येईना. मिस्त्रींनी दुर्बीण काढली, पुन्हा बंदुकीशी अगदी सरळ बसवली. म्हातारा गेला, दहाच्या दहा गोळ्या कागदाच्या कडेला मारून परत आला. असं चारदा झालं. चारही वेळा मिस्त्रींनी पाणसळ लावून मला दाखवलं की काम चोख आहे. "माझं काय चुकत नाय, पवारसायेब. माणूस कलता हाय." मी म्हटलं, "मान देवानं बसवली म्हणता ना?" ते म्हणाले, "मागं-पुढं चालंल. वाकडं चालायचं नाय. वाकडं बसवायला मी जलमलो नाय."

पाचव्या खेपेला अबू जासीमनी रायफल टेबलावर ठेवली. रागावले नाहीत. मिस्त्रींचा हात धरून स्वतःच्या मानेवर ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, ये सीधा मफी, नहीं होता. खलास. तू बंदूक को बहुत देखा. मेरे को देखो."

मिस्त्रींनी हात काढून घेतला नाही. त्या मानेवर तो बराच वेळ तसाच होता. मग त्यांनी समोरच्या खांबाला ओळंबा टांगला, म्हाताऱ्याला जशी जमेल तशी रायफल धरायला सांगितली आणि कड्यांचे स्क्रू सैल केले. दुर्बीण बोटांनी कणकण फिरवत राहिले. "दोरी और लाइन एक हुआ?" "मफी." "अब?" "मफी." दुपार उतरणीला लागली. शेवटी अबू जासीम अगदी हळू म्हणाले, "एक हुआ." मिस्त्रींनी स्क्रू आवळले. रायफल टेबलावर ठेवली तर दुर्बीण तिच्यावर चक्क वाकडी दिसत होती, कुणी शिकाऊ माणसानं बसवावी तशी. मी हसू दाबलं. मिस्त्री तिच्याकडे बघत म्हणाले, "बंदुकीला वाकडी. तेच्या डोळ्याला सरळ." आणि नेलपॉलिशची बाटली उघडली.

शुक्रवारी सकाळी सामन्यात अबू जासीमच्या दहापैकी आठ गोळ्या काळ्या गोलात गेल्या. नंबर आला नाही. त्यांनी येऊन मिस्त्रींच्या कपाळाचं चुंबन घेतलं, इथे वडीलधाऱ्यांचं घेतात तसं. मिस्त्री हातातला पाना कुठे ठेवावा हे न कळल्यासारखे उभे राहिले.

त्यांना रोज मीच गाडीतून बुदैयाला त्यांच्या खोलीवर सोडतो. त्या दिवशी झल्लाकच्या किनाऱ्याशी आल्यावर म्हणाले, "जरा बाजूला घ्या." मी गाडी थांबवली. पाणी काचेसारखं स्वस्थ होतं. "तो व्हिडिओ हाय काय अजून?"

मी लावून दिला. मृदंगाचा आवाज गाडीत भरला. पडद्यावर राधा गिरक्या घेत होती. मिस्त्रींनी एकदा बघितला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा म्हणाले, "ही साडी हिची हाय, महेशच्या आयची. मीच नेलेली, मनामाच्या सूकमधनं." थोड्या वेळानं म्हणाले, "निऱ्या पण हिनंच घातल्यात. ह्या निऱ्या मी वळखतू. म्हंजे हिला पसंत हाय. मला सांगितलं नाय कुणी." एवढा एकटा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो रोज माझ्या शेजारच्या सीटवर बसत होता.

"लावा फोन," ते म्हणाले.

मी लावला. महेश म्हणाला, "बोला काका." मी फोन मिस्त्रींच्या हातात दिला.

"महेश."

पलीकडून आलं, "बाबा?"

"तो हॅलोजन कुणी बांधला रं?"

"कुठला? खेळातला? मंडळाच्या पोरांनी."

"खाली बांधलाय. नाकाची सावली वर पडते. डोळं दिसत नायत तुझं."

"बरं. वर बांधायला सांगतो त्यांना."

"नको," मिस्त्री म्हणाले. "उंच बांबू लागंल. कुणी तरी पडंल. कुणी हात लावायचा नाय तेला. मेमधी मी आलू की बांधतू."

मिस्त्रींनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला होता.